चिप आधी, लस नंतर

महोदय,

मुलं परदेशी निघाली की घरात बॅगा, मसाले आणि कागदपत्रांची धांदल उडते. घरातल्या कुत्र्याचा विषय निघतो तो सगळ्यात शेवटी. आमच्याकडेही तसंच झालं. इतर पालकांना आधीच कळावं म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आमची बुंदी गावठी. सात वर्षांपूर्वी सोसायटीच्या पार्किंगमध्ये रिक्षाखाली कुडकुडत सापडली, तेव्हापासून ती मुलीच्या पायाशीच झोपते. मुलीला जर्मनीत नोकरी लागली, 1 ऑक्टोबरला रुजू व्हायचं होतं. ऑगस्टअखेर व्हिसा हातात पडला आणि आम्ही बुंदीची फाइल घेऊन डॉक्टरांकडे गेलो. फाइल चोख होती. रेबीजचं एकही इंजेक्शन चुकलेलं नव्हतं, प्रत्येक लशीचं स्टिकर जागच्या जागी. पण त्यातलं एकही धरलं जाणार नव्हतं, कारण बुंदीला मायक्रोचिप नव्हती.

युरोपीय संघाच्या नियमानुसार आधी कातडीखाली पंधरा आकडी क्रमांकाची चिप बसवायची, मगच रेबीजची लस द्यायची. चिपच्या आधी दिलेली लस मोजत नाहीत, कारण ती याच कुत्र्याला टोचली याचा पुरावा नसतो. लशीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त काढून त्यांच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत टायटर, म्हणजे रक्तातल्या रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं प्रमाण, तपासायचं. ते मिलिलीटरला निदान 0.5 आंतरराष्ट्रीय युनिट भरलं पाहिजे. भारतासारख्या देशातून जाणाऱ्या कुत्र्याला त्यानंतरही रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबावं लागतं. रक्त घेण्याआधीच लागण झालेली असेल, तर या काळात ती उघडी पडावी हा हेतू. सगळे टप्पे वेळच्या वेळी पार पडले तरी चार महिने लागतात. आमच्या हातात चार आठवडे होते.

मला हे नियम जाचक वाटत नाहीत, हे मुद्दाम लिहिते. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ज्या देशांनी हा रोग हद्दपार केला, ते आपल्याकडच्या कुत्र्यांना डोळे झाकून कसे घेतील? अमेरिकेनेही ऑगस्ट 2024 पासून नियम कडक केले. सहा महिन्यांखालचं पिल्लू आता तिथे नेताच येत नाही, आणि भारत तिथल्या जास्त धोक्याच्या देशांच्या यादीत आहे. ऑस्ट्रेलियाला तर इथून कुत्रा थेट पाठवताही येत नाही. माझं दुखणं एवढंच आहे की हे सगळं आपल्याला फार उशिरा कळतं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात चिप आणि लस झाली, ऑक्टोबरमध्ये रक्त गेलं. मुलगी एकटीच निघाली. तेव्हा आणखी एक नियम समोर आला. मालकाचा आणि प्राण्याचा प्रवास एकमेकांपासून पाच दिवसांच्या आत व्हायला हवा, नाहीतर तो घरच्या प्राण्याचा प्रवास धरत नाहीत आणि वेगळेच कागद लागतात. म्हणजे मी बुंदीला नंतर सवडीने पोहोचवणं शक्य नव्हतं. नाताळच्या सुट्टीला जोडून मुलीला परत यावं लागलं, ते केवळ बुंदीला नेण्यासाठी. नव्या नोकरीत रजा मागताना तिला काय वाटलं असेल, ते आईला सांगावं लागत नाही.

त्या तीन महिन्यांत मी बुंदीला पिंजऱ्याची सवय लावली. उभं राहता, वळता आणि अंग पसरून झोपता येईल एवढा पिंजरा लागतो. त्यात माझ्या जुन्या सुती साडीची चौघडी अंथरली. पहिले आठ दिवस ती नुसतं तोंड आत घालायची, साडी हुंगायची आणि मागे सरायची. नंतर दुपारची झोप तिथेच घेऊ लागली. प्रवासात गुंगीचं औषध देऊ नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यामुळे ही सवयच तिच्या कामी आली.

प्रवासाला लागणाऱ्या आरोग्य प्रमाणपत्रासाठी मुंबईला गेलो तेव्हा अधिकाऱ्यांनी तिच्या मानेवरून स्कॅनर फिरवला. आवाजच नाही. माझ्या पोटात गोळा आला. चिप सरकली होती. त्यांनी शांतपणे तिच्या पाठीवरून, मग डाव्या खांद्यावरून स्कॅनर नेला, तेव्हा कुठे तो वाजला. मग क्रमांक कागदाशी ताडून पाहिला, तर दवाखान्यात हाताने लिहिताना 1 चा 7 झालेला. आदल्या आठवड्यात हे लक्षात आलं असतं, तर दोन दिवसांची धावपळ आणि पुणे-मुंबईची एक जादा खेप वाचली असती. युरोपचं प्रमाणपत्र दहाच दिवस चालतं, त्यामुळे तिथे एकेक दिवस मोलाचा असतो.

वेळेवर न कळल्यामुळे लोक कुत्री मागे सोडून जातात. कुणी नातेवाइकाच्या गळ्यात घालतं, कुणी निवारा केंद्राच्या दारात बांधून निघून जातं. मन मोठं करणारं सरकार आपण पाहिलं आहे. 2022 मध्ये युक्रेनमधून जीव मुठीत धरून परतणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांची कुत्री-मांजरं आणता यावीत, म्हणून केंद्राने एकवेळची सवलत दिली होती. इथे तर सवलतीचीही गरज नाही. महापालिका कुत्र्याचा परवाना देते, त्यावर चिपचा क्रमांक छापावा. दवाखान्यांच्या लसकार्डावर रेबीजच्या रकान्याच्या वर चिपचा रकाना असावा, म्हणजे पिल्लाच्या पहिल्याच भेटीत प्रश्न निघेल. आणि ही सगळी माहिती पशुसंवर्धन विभागाने सोप्या मराठीत एका पानावर द्यावी.

गोव्याने 2014 पासून मिशन रेबीज या संस्थेच्या साथीने घरोघरी आणि रस्तोरस्ती कुत्र्यांना लस दिली आणि 2021 मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं. शेजारच्या राज्याला जमलं ते आपण मनावर घेतलं, तर आपल्या नातवंडांच्या कुत्र्यांना कदाचित हे तीन महिने थांबावंही लागणार नाही.

बुंदी जानेवारीत पोहोचली. साडीची चौघडी अजून तिच्याखाली आहे. तिचा बूस्टर, म्हणजे रेबीजच्या लशीचा पुढचा डोस, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. ती तारीख हुकली तर टायटर बाद होतं आणि पुन्हा भारतात येऊन परत जायचं झालं तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं, म्हणून मी ती इथल्या कॅलेंडरवरही लाल शाईने लिहून ठेवली आहे.

– एक वाचक, सहकारनगर, पुणे