बहीण म्हटले, एक म्हटले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘सर्व धर्मांचा देव एकच’ अशा आशयाचा लेख वाचला. लेखकाची तळमळ खरी आहे. सध्याच्या हवेत असे कोणी लिहिते, हेही थोडके नाही. पण देव एक आहे हे एकदा पटले की माणसे भांडायची थांबतील, या एका गृहीतावर सगळा लेख उभा आहे आणि ते काही मला पटले नाही. मी उत्तर गोव्यातल्या बारदेशातला. आमच्या भागाचा इतिहास याच्या नेमकी उलट साक्ष देतो.

पोर्तुगीजांच्या गोव्यात 1560 साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायासन, आले. मधली काही वर्षे सोडली तर ते 1812 पर्यंत टिकले. पुष्कळांचा समज असा, की ते सगळे हिंदूंसाठीच होते. हिंदूंना त्याची झळ लागलीच, आणि सोळाव्या शतकात बारदेश-साष्टीतली देवळे पाडली गेली ती वेगळीच. पण त्या न्यायासनासमोर प्रामुख्याने उभे केले जात ते बाप्तिस्मा घेतलेले ख्रिस्ती! दारात तुळस लावली, लग्नात विडे वाटले, भात मीठ न घालता शिजवला, असल्या गोष्टींवर बंदी घालणारे 1736 चे फर्मान प्रसिद्ध आहे. ज्यांनी राज्यकर्त्यांचाच देव पत्करला, त्याच क्रुसासमोर गुडघे टेकले, त्यांच्याच चुलीवरच्या भातापर्यंत चौकशी जाऊन पोहोचली. देव एक झाला, म्हणून काही सुटका झाली नाही. युरोपात 1618 ते 1648 अशी तीस वर्षे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट राजे एकमेकांवर तुटून पडले. राजकारण त्यात होतेच, पण दोन्हीकडचे सैनिक प्रार्थना एकाच येशूची करत होते.

आजचे तंटे पाहा. शांतता समितीच्या बैठकीला कधी गेला असाल, तर तिथे ‘ईश्वर एकच’ या मुद्द्यावर कोणाचाच विरोध नसतो, हे तुम्ही पाहिले असेल. सगळे माना डोलावतात, चहा होतो. मग खरा विषय निघतो: मिरवणूक कुठल्या गल्लीतून न्यायची, भोंगा किती वाजता बंद करायचा, दफनभूमीची भिंत कोणाच्या जागेत आली. शहरात घर भाड्याने घ्यायला गेलेल्या माणसाला आडनाव विचारतात, तेव्हाही विचारणाऱ्याच्या मनात ईश्वराच्या एकत्वाचा प्रश्न नसतो. नसलेल्या दुखण्यावर आपण मोठ्या हौसेने औषध देत बसलो आहोत.

आता मूळ प्रश्न. देव खरोखर एकच आहे का? एका भाटकाराचे (जमीनदाराचे) दोन मुंडकार (त्याच्या जमिनीवर घर करून राहणारे) घ्या. एक म्हणतो, भाटकाराचा मुलगा येतो आणि तोच सगळे मिटवतो. दुसरा म्हणतो, भाटकाराचे लग्नच झाले नाही, मुलगा कुठला? दोघे एकाच माणसाबद्दल बोलत असू शकतात, फक्त एकाची माहिती चुकीची आहे. ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यातला वाद साधारण असा आहे. दोघेही अब्राहमाचे नाव सांगतात. ‘आमचा आणि तुमचा देव एकच’ असे कुराण ग्रंथधारकांना, म्हणजे ज्यू आणि ख्रिस्त्यांना, उद्देशून म्हणते (29:46), आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा असा त्रैक्य देव मानणाऱ्या ख्रिस्त्यांना तेच कुराण ‘तीन’ म्हणू नका, असेही बजावते. कॅथलिक चर्चने 28 ऑक्टोबर 1965 च्या जाहीरनाम्यात मुसलमान एकाच देवाची आराधना करतात, हे आदराने नोंदवले. पण त्याच जाहीरनाम्यात हिंदूंविषयी लिहिताना शब्द फार जपून वापरले आहेत. हिंदू दैवी गूढाचे चिंतन करतात, असे त्यात आहे. आपला आणि त्यांचा देव एक, असे नाही. मला ती सावधगिरी प्रामाणिक वाटते.

आपल्याकडे एवढी सावधगिरी कोणी बाळगत नाही. ‘एकं सत्’ (सत्य एकच) हे ऋग्वेदातले वचन म्हटले, की चर्चा संपली असे आपण धरून चालतो. गीतेच्या नवव्या अध्यायातला श्लोक लेखात अर्धाच दिला आहे. इतर देवतांना श्रद्धेने भजणारेही मलाच भजतात, इथपर्यंत तो छापला आहे. पुढचा शब्द आहे ‘अविधिपूर्वकम्’. म्हणजे भजतात मलाच, पण रीत सोडून. यात औदार्य आहे, नाही असे नाही. पण दुसऱ्याला आपल्या घरात घेताना त्याला ओटीवर बसवायचे की माजघरात, हे यजमानच ठरवतो. आणि गंमत अशी की प्रत्येक धर्माचा उदार माणूस यजमानच असतो. तुमचा देव तो खरे तर आमचाच, असे सगळेच म्हणतात. आमचा तो खरे तर तुमचाच, असे म्हणणारा क्वचित भेटतो.

हे आदरातिथ्य साफ नाकारणारी माणसे आपल्याच राज्याशेजारी मोठ्या संख्येने आहेत, आणि लेखात त्यांचा उल्लेखही नाही. 2011 च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे 65 लाख बौद्ध आहेत. देशातल्या दर चार बौद्धांपैकी तीन तिथले. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे, हे मी मानणार नाही, अशीही एक प्रतिज्ञा त्यात आहे. बाबासाहेबांना ती मुद्दाम घालावी लागली, कारण दुसऱ्याला आपल्यात जिरवून टाकायची आपली सवय ते पुरती ओळखून होते. सगळ्यांचा देव एकच, असे आपण प्रेमाने म्हणतो तेव्हा त्या बौद्ध माणसाने काय उत्तर द्यावे? जगाचा निर्माता ईश्वर त्याच्या धम्मात नाहीच. जैनांच्या दर्शनातही सृष्टिकर्ता नाही. तीर्थंकर पूज्य आहेत, पण जग त्यांनी घडवले नाही. देवच न मानणारे शेजारी आहेत ते वेगळेच. शेजारपणासाठी आधी एक देव मान्य करायची अट घातली, तर ही सगळी मंडळी उंबऱ्याबाहेर राहतात. लेखकाच्या मनात हे नसणार, याची मला खात्री आहे. पण वाक्याचा अर्थ तसाच होतो.

मग आमच्याकडे लोकांनी काय केले? शिरगावची लईराई, मोरजीची मोरजाई, केळबाई अशा सात देवी, एकमेकींच्या बहिणी, आणि त्यांचा भाऊ खेतोबा ही कथा उत्तर गोव्यात घराघरात माहीत आहे. नावे गावागणिक थोडी बदलतात. या बहिणींतली मिराबाई म्हणजेच म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण (मारिया माता), असे लोक मानतात. ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी तिचे फेस्त (उत्सव) असते. आमची आई खोबरेल तेलाची बाटली पदराखाली धरून त्या रांगेत उभी राहायची. पुढेमागे ख्रिस्ती बायका असत आणि शिरगावच्या वाटेवरच्या गावांतल्या हिंदूही. तेल आणि मेणवाती वाहिल्या, की ती बाहेर येऊन फेस्ताच्या बाजारात खाजे घ्यायची. मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, ती कधी बसली नाही. कोणी बस म्हटले नाही, कोणी ऊठ म्हटले नाही. पुढे वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावची जत्रा. मामा धोंड (व्रत घेऊन निखाऱ्यांवरून चालणारे भक्त) होते, त्यांचे सोवळे वेगळे, अग्निदिव्य वेगळे, मोगऱ्याच्या माळा वेगळ्या. लईराईकडून सायबिणीला तेल जायचे आणि सायबिणीकडून लईराईला फुले यायची, असे जुनी माणसे सांगत.

यात मला महत्त्वाची वाटते ती एकच गोष्ट. ज्या मुलखात देवळे पडली, जिथे तुळशीवर बंदी आली, तिथल्या साध्या माणसांनी तडजोड शोधली ती नात्याची. लईराई आणि मिलाग्रीस एकच, असे कोणी म्हणत नाही. त्या बहिणी आहेत. बहिणीला तिचे घर असते, तिच्या घरचा रिवाज असतो, तिथे जाऊन आपला रिवाज कोणी चालवत नाही. वर्षातून एकदा तेल पाठवायचे, खुशाली विचारायची. आमच्या आईला ‘या दोघी एकच ना?’ असे विचारले असते, तर तिने ‘बहिणी एक कशा असतील?’ म्हणून विचारणाऱ्यालाच वेड्यात काढले असते. अर्थात या कथेने इतिहासाच्या जखमा पुसल्या, असा माझा दावा नाही. पण एका रांगेत उभे राहायला ती पुरली.

पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात हिंदू आणि तुर्क (म्हणजे मुसलमान) यांचा संवाद रचला. त्यात दोघे एकमेकांच्या देवांची, शास्त्रांची, चालीरीतींची मनसोक्त टर उडवतात. आज कोणी तसे छापले तर आपल्या कार्यालयावर दोन्हीकडून मोर्चे येतील. एवढे सगळे बोलून झाल्यावर मग ते एकमेकांना आलिंगन देतात. नाथांनी अद्वैत सांगितले, हे खरेच; पण आधी भांडण पूर्ण होऊ दिले. आणि महात्मा फुले स्वतः एकच निर्मीक (जगाचा निर्माता) मानणारे. तरी त्यांच्या मृत्यूनंतर 1891 मध्ये निघालेल्या ‘सार्वजनिक सत्य धर्म’ पुस्तकात त्यांनी जे घर रंगवले, त्यात आई वाटल्यास बौद्ध होईल, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, आणि कोणी कोणाच्या धर्माचा हेवा करणार नाही. चौघांनी आधी एका देवावर सह्या कराव्यात, अशी अट त्या घरात नाही. आज असे एक घर आपल्या वाचकांतून शोधून काढा म्हटले, तर किती सापडतील?

लेखमालेचा पुढचा भाग येत्या रविवारी आहे, असे आपण छापले आहे. माझी विनंती एवढीच, की तो एखाद्या बौद्ध किंवा जैन लेखकाकडून लिहून घ्यावा. मथळा त्यांनाच देऊ द्या. आणि गीतेचा तो श्लोक पुन्हा छापायची वेळ आली, तर कृपया पूर्ण छापावा.

आपला,
एक वाचक, म्हापसा