ओहोळाच्या दोन काठांवरचं एक गाव

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी माझा फोन लागला नाही म्हणून आई काळजीत होतीस ना? मी एका खेड्यात गेले होते. त्या गावाबद्दल फोनवर घाईनं सांगायचं नव्हतं, म्हणून हे पत्र. बाबा, तिथे उभी असताना तुमची फार आठवण झाली.

गावाचं नाव म्योडलारॉइट. होफ शहराच्या उत्तरेला, जर्मनीच्या बव्हेरिया आणि थुरिंगिया या दोन राज्यांच्या शिवेवर. वस्ती जेमतेम पन्नास माणसांची. घरं, कोठारं, भोवती कुरणं. मधून टानबाख नावाचा ओहोळ जातो, आपल्या मळ्यातल्या पाटाएवढाच. आई, साडीचा काठ न भिजवता तू तो ओलांडशील.

1810 साली या ओहोळावर हद्द ठरली. एका काठाला बव्हेरियाचं राज्य, दुसऱ्या काठाला रॉइसचं छोटं संस्थान. तेव्हाचे हद्दीचे दगड अजून आहेत. पण गाव एकच राहिलं. शाळा आणि गुत्ता थुरिंगियाच्या बाजूला, आणि चर्चला सगळे बव्हेरियातल्या ट्योपेनला जायचे. शंभराहून जास्त वर्षं त्या हद्दीनं कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. एक काठ अमेरिकेच्या ताब्यात, दुसरा सोव्हिएत रशियाच्या, आणि 1949 मध्ये तर पश्चिम आणि पूर्व जर्मनी असे दोन देशच झाले. 1952 मध्ये पूर्व जर्मनीनं सीमेलगतचा 5 किलोमीटरचा पट्टा बंद केला, गावात लाकडी फळ्यांचं कुंपण घातलं. त्या पट्ट्यातली, सरकारला भरवशाची न वाटणारी हजारो माणसं घरादारातून उचलून आत दूर नेली. 1966 मध्ये कुंपणाच्या जागी काँक्रीटची भिंत आली, 700 मीटर लांब, दोन पुरुष उंच. अमेरिकन सैनिक या गावाला 'लिटल बर्लिन' म्हणायचे.

पूर्वेकडच्यांनी पलीकडे बघून हात हलवायचा नाही, हाक मारायची नाही, असा नियम होता. पलीकडे कोण, तर कालपर्यंतचा शेजारी, नात्यातला माणूस. पुढे 1973 पासून सीमेजवळच्या पश्चिमेच्या लोकांना परवाना काढून पूर्वेत जाता येऊ लागलं, पण याच गावाचा पलीकडचा अर्धा भाग त्यांना बंदच राहिला. हे वाचलं आणि मी भिंतीला हात लावून बराच वेळ उभी राहिले.

बाबा, 1956 मध्ये निपाणी म्हैसूर राज्यात गेली, त्याचं दुःख तुम्ही आयुष्यभर बाळगलंत. लहानपणी मला ते कळायचं नाही. पण दर राखीपौर्णिमेला तुम्ही एसटीनं कागलला आत्याकडे जायचात आणि संध्याकाळी तिनं दिलेला डबा घेऊन यायचात. इथल्या भावंडांना सदतीस वर्षं तेवढंही मिळालं नाही.

बर्लिनची भिंत उघडल्यावर महिन्यानं, 9 डिसेंबर 1989 ला, इथे पायी जाण्यापुरती वाट झाली. 17 जून 1990 ला यंत्र लावून भिंत पाडली. सुमारे 100 मीटरचा तुकडा आणि टेहळणीचा मनोरा मुद्दाम राखलाय, बाजूला संग्रहालय आहे.

राज्यं मात्र आजही दोन. पिनकोड वेगळे, गाड्यांच्या पाट्या वेगळ्या, सरपंचही वेगळे. बव्हेरियाकडचे भेटल्यावर 'ग्र्यूस गॉट' म्हणतात, पलीकडचे 'गुटेन टाग'. मी तो ओहोळ चार वेळा इकडून तिकडे ओलांडला, आणि दर वेळी कुणी अडवत नाही याचं बरं वाटलं.

जूनमध्ये तुम्ही आलात की आपण तिघं जाऊ. गाव एका तासात फिरून होतं, आईच्या गुडघ्यांना जड जाणार नाही. मात्र तिथे जूनमध्येही सकाळी गारठा असतो, तेव्हा दोघांचे स्वेटर वरच्याच बॅगेत ठेवा.

तुमची लेक