पायावरची गोम आणि कारल्याचा वेल

संपादक साहेब, नमस्कार.

ऑपरेशनच्या व्रणांवर टॅटू काढून घेणाऱ्या बायकांबद्दल रविवारच्या पुरवणीत आलं होतं ते वाचलं आणि त्यावर बुधवारी एका काकांचं पत्र पण वाचलं, की व्रण म्हणजे लढाई जिंकल्याची खूण, ती अभिमानाने मिरवावी, झाकायची कशाला, ही सगळी फॅशनची खुळं. काका, तुमची बायपास झालीय का? माझी झालीय, तीन वर्षं झाली.

बायपासला छाती उघडतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण पायातली शीर काढून ती हृदयाला लावतात आणि त्यासाठी पाय पण चिरतात हे मला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कळलं. माझा डावा पाय घोट्यापासून गुडघ्याच्या जरा खालपर्यंत, आणि दोन्ही बाजूंना स्टेपलच्या बारीक बारीक खुणा. नातू बघून म्हणाला आजी तुझ्या पायावर गोम बसलीय. हसले मी, पोर ते. पण साडीत दिसत नसलं तरी मी पोटरीपर्यंतच्या पॅन्ट घालते, आणि मग लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, बसमध्ये, काय झालं हो पायाला, बायपास का, कुठे केली, किती घेतले, आमच्या भावोजींची पण झाली. कोथिंबीर घ्यायला गेलं तरी अख्खी केस हिस्टरी सांगून यायचं. जिंकले लढाई, मान्य आहे, पण रोज उठून तिचा पोवाडा कोण म्हणणार.

आणि फॅशन म्हणाल तर माझ्या आजीच्या दोन्ही हातांवर गोंदण होतं, कपाळावर होतं, हनुवटीवर ठिपका होता. मेल्यावर बाकी सगळं काढून घेतात, गोंदण तेवढं सोबत येतं म्हणायची. तिला नाही कुणी खूळ म्हटलं.

पण यातली खरी गोम वेगळीच आहे आणि त्यासाठीच हे पत्र लिहितेय. मला याबद्दल कुणी काहीच सांगितलं नव्हतं. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या, पथ्य, किती चालायचं, जिना कधी चढायचा सगळं होतं, व्रणाबद्दल एक ओळ नाही. पाचव्या महिन्यात मी एका टॅटूवाल्याकडे गेले तर तो म्हणतो उद्या या, एका बैठकीत करून टाकतो. तेव्हा व्रण जांभळट होता, खाजत होता, बोट फिरवलं तर उंच लागायचा. नशीब की दुसऱ्याच कामासाठी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते, सहज विचारलं, तर त्या खुर्चीत सरळच बसल्या.

त्यांनी सांगितलं ते असं की व्रण वरून भरलेला दिसला तरी आत त्याचं काम चालूच असतं, पूर्ण मुरायला १२ ते १८ महिने लागतात. तो फिका पडला, सपाट झाला, खाज थांबली की मग विचार करा. व्रणाची कातडी नेहमीच्या कातडीसारखी नसते, आत तंतू दाट असतात, त्यामुळे शाई कुठे धरते, कुठे पसरते, कुठे उडूनच जाते, म्हणून आधी एक छोटा ठिपका काढून काही आठवडे थांबून बघायचं. कुणाला केलॉइडची सवय असेल, म्हणजे साध्या जखमेचापण व्रण फुगून पसरतो, त्यांनी या वाटेला जाऊच नये कारण सुई म्हणजे पुन्हा जखमच की. आणि आपल्या सावळ्या कातडीत हे जास्त होतं. छातीची मधली जागा तर केलॉइडची आवडती, तिथे हात लावू नका म्हणाल्या, म्हणून माझ्या छातीवरची खूण तशीच आहे, असू दे, ती ब्लाऊजच्या आत.

अजून एक, जे टॅटूवाल्याने विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही. बायपासवाले आम्ही सगळे रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर, त्यात माझी शुगर. रक्त जास्त येतं, जखम उशिरा भरते. म्हणून कुणी आपल्या मनाने गोळी बंद करू नका हं, हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. मी विचारलं, शुगर आटोक्यात आली तेव्हा केलं, दीड वर्षाने. दुसऱ्या टॅटूवाल्याकडे. या मुलीने सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडलं, शाई छोट्या टोपणात वेगळी काढून घेतली आणि उरलेली फेकून दिली. जत्रेत एकाच सुईने दहा जणांना गोंदतात तिथून कावीळ बी, सी, एचआयव्ही काहीही येऊ शकतं. शाईचं पण बघा, युरोपियन युनियनने २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो केमिकल्सवर बंधनं घातलीत, आपल्याकडे बाटलीवर काय लिहिलंय ते तरी वाचायला मागा.

आता पायावर काय काढलं ते सांगते. तुळस काढायची होती, पण आई म्हणाली तुळस आणि पायावर, लाज नाही वाटत. मग कारल्याचा वेल. चिरेची रेघ झाली देठ, आणि जिथे जिथे स्टेपलची खूण होती तिथून एकेक पान किंवा तो कुरळा ताणा निघालाय. मध्ये तीन बोटं जागा बधिर आहे तिथे काहीच कळलं नाही, कडेला मात्र डोळ्यात पाणी आलं. घोट्याजवळ शाई नीट धरली नाही, दोन पानं अर्धी पुसट आहेत, परत भरून घे म्हणते ती मुलगी, मी नको म्हटलं. लिफ्टमध्ये आता विचारतात वेल कुठे काढला, कितीला पडला. ते सांगायला मला आवडतं.

तर हॉस्पिटलवाल्यांनो, डिस्चार्ज कार्डावर व्रणासाठी चार ओळी टाका. कॅन्सरच्या रेडिएशनच्या आधी तुम्हीच पेशंटच्या अंगावर टॅटूचे बारीक ठिपके देता ना निशाणीला, मग हा विषय तुम्हाला नवा नाही. आणि टॅटूवाल्यांनो, ऑपरेशन कधी झालं आणि गोळ्या कुठल्या चालू आहेत, एवढे दोन प्रश्न विचारल्याशिवाय मशीन चालू करू नका.

पत्र छापलंत तर नाव टाकू नका प्लीज. वन्संना अजून माहीत नाही.

– एक वाचक, मिरज