शनिवारी डेबियनच्या नेटवर्किंग पानांची दुरुस्ती

सदस्यहो,

येत्या शनिवारी दुपारी ३ वाजता मडगावला, आपल्या नेहमीच्या खोलीत, डेबियन या लिनक्स कार्यप्रणालीची नेटवर्किंगविषयक माहितीपाने तपासायला बसायचे आहे. लॅपटॉप आणि चार्जर आणावा. पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा पाने आधीच उतरवून घ्या.

मुख्य काम जुन्या कमांडचे. नेटवर्कची मांडणी दाखवणारी ‘इफकॉन्फिग’ ही जुनी कमांड डेबियनच्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये आपोआप येत नाही. नवखा माणूस पानावरची ओळ जशीच्या तशी टाइप करतो, ‘कमांड नॉट फाउंड’ दिसते आणि बिचारा तिथेच अडकतो. तिथे ‘आयपी’ कमांड हवी. मला हे सर्वांत निकडीचे वाटते, म्हणून सुरुवात इथूनच.

- स्वतः चालवून पाहिल्याशिवाय एकही कमांड लिहू नये. कोणत्या आवृत्तीवर पाहिली तेही नोंदवा.
- उदाहरणात घरचा किंवा ऑफिसचा आयपी पत्ता नको. १९२.०.२.० ते १९२.०.२.२५५ हे पत्ते दस्तऐवजांतील उदाहरणांसाठीच राखीव आहेत (इंटरनेटविषयक दस्तऐवज आरएफसी ५७३७, २०१०), तेच वापरा.
- फायरवॉलचे (नेटवर्कवरची नको ती ये-जा अडवणाऱ्या व्यवस्थेचे) पान अजून कोणी घेतलेले नाही. डेबियनच्या आवृत्ती १० पासून (२०१९) त्यासाठी एनएफटेबल्स हे साधन मूळ निवड म्हणून आले, पान मात्र जुनेच आहे. घेणाऱ्याने गुरुवारपर्यंत कळवावे.

कोकणीत किंवा मराठीत टिपणे काढली तरी चालतील. इंग्रजी मजकूर तिथेच मिळून करू.