दसऱ्याची जुनी गाडी आणि दिवाळीतला घाट

संपादक महोदय,

दसरा जवळ आला की 'जुनी गाडी घेताना काय पाहावे' यावर वृत्तपत्रांत भरपूर छापून येते. इंजिनाचा आवाज ऐका, धूर पाहा, आरसी बुक तपासा, सगळे बरोबर. पण गाडी दारात आली, हार घातला, चाकाखाली लिंबू चिरडले, त्यानंतर खिशात उरलेले पैसे आधी कशावर घालायचे, हे कोणी सांगत नाही. मग ते सीट कव्हर, पॉलिश आणि मोठ्या पडद्याच्या म्युझिक सिस्टीमवर जातात. वीस दिवसांनी दिवाळीच्या सुट्टीत तीच गाडी पाच माणसे आणि बॅगा घेऊन आंबा घाट नाहीतर ताम्हिणी उतरू लागते. हे पत्र त्या वीस दिवसांपुरते आहे.

'पीयूसी आहे, विमा आहे, म्हणजे गाडी ठीक' हा समज आधी सोडावा. खासगी मोटारीला नोंदणीनंतर १५ वर्षे आरटीओची फिटनेस तपासणी नसते. पीयूसीवाला फक्त धूर मोजतो. म्हणजे १२ वर्षांच्या गाडीचे ब्रेक नोंदणीनंतर कोणत्याही सरकारी यंत्रणेने पाहिलेले नसतात. विकणारा माणूस सज्जन असला तरी वर्षभरापासून विकायचा विचार करत असतो, आणि विकायच्या गाडीला कोणी नवे टायर घालत नाही.

किलोमीटरच्या आकड्यावरही विसंबू नये. डिजिटल मीटर मागे फिरवणे हे काही मिनिटांचे काम आहे. गाडीचा नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जुन्या नोंदी विचाराव्यात. नोंदी मिळाल्या नाहीत, तर गाडीत काहीच कधी बदललेले नाही असे धरून चालावे. 'मागच्या महिन्यातच सर्व्हिस केली' याला बिल नसेल तर किंमत नाही.

खर्चाचा क्रम असा लावावा. गाडी थांबणे, वळणे आणि रस्त्याला धरून राहणे हे पहिले. पेट्रोल किंवा गॅसची गळती त्याच रांगेत. इंजिन एका फटक्यात निकामी करणाऱ्या गोष्टी त्यानंतर. रस्त्यात बंद पाडणाऱ्या तिसऱ्या. दिसणे आणि ऐकणे सर्वांत शेवटी. गाडीच्या किमतीच्या साधारण दहा टक्के रक्कम यासाठी बाजूला ठेवूनच सौदा करावा. एवढी उरत नसेल तर थोडी स्वस्त गाडी घ्यावी, पण ही रक्कम सोडू नये.

टायरपासून सुरुवात करायची, कारण ते तपासायला पैसे लागत नाहीत. टायरच्या बाजूवर 'डॉट'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१८ असेल तर २०१८ सालचा तेविसावा आठवडा. बाहेरच्या बाजूला ते नसतील तर आतल्या बाजूला असतात, गाडीखाली वाकून पाहावे लागते. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेही बाद. पण जुन्या गाडीत उलटाच घोटाळा जास्त: गाडी फारशी फिरलेली नाही, नक्षी भरपूर, आणि रबर दगडासारखे कडक. बाजूंना बारीक भेगा असतात. असा टायर ओल्या रस्त्यावर पकड देत नाही आणि उन्हाळ्यात महामार्गावर फुटू शकतो. सहा वर्षांपुढचा टायर दिसायला कितीही चांगला असला तरी बदलायच्या यादीत टाकावा. स्टेपनी विसरू नये, ती बहुधा गाडीइतकीच जुनी निघते.

झीज कशी झाली आहे तेही वाचता येते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी ठेवली जात होती. मधला पट्टा झिजला तर जास्त. एकाच चाकाची फक्त आतली कड गेली असेल तर अलाइनमेंट (चाकांचा कोन) बिघडलेली आहे किंवा चाकाला धरणारा खालचा आर्म वाकलेला आहे, आणि तो आधी पाहिल्याशिवाय नवा टायर घालणे म्हणजे पैसे रस्त्यावर घासणे. दोनच टायर घ्यायची ऐपत असेल तर नवे मागे घालावेत. गाडीची ओढ पुढच्या चाकांवर असली तरीही. दुकानदार हमखास पुढे घालतो. पण ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि स्टिअरिंगवर ते कळते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते आणि सावरायला वेळ मिळत नाही.

आता ब्रेक. इथे जरा थांबतो, कारण सर्वांत जास्त फसवणूक आणि सर्वांत स्वस्त उपाय दोन्ही इथेच आहेत. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषून घेते. ब्रेक ऑईलच्या छोट्या टाकीच्या झाकणातून, रबरी नळ्यांतून पाणी हळूहळू मुरत जाते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑईल २३० अंश सेल्सिअसच्या आत उकळू नये, असे मानक आहे. सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. गावात फिरताना याचा पत्ता लागत नाही. घाटात पायाखाली सतत ब्रेक दाबून धरला की डिस्कला घासणाऱ्या पॅडची उष्णता, पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमधून ऑईलपर्यंत पोहोचते, ते उकळते, नळीत वाफ तयार होते. ऑईल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल थेट खाली जाते आणि गाडी चालतच राहते. अर्ध्या तासाने सगळे थंड झाले की पेडल पुन्हा घट्ट. मिस्त्री म्हणतो, काही दोष नाही.

हे ऑईल दर दोन वर्षांनी बदलायचे असते. गाडी जुनी घेतली असेल तर लगेच. 'बदलले' म्हणून अनेक ठिकाणी फक्त टाकीत वरून भरतात, कॅलिपरजवळचे जुने तसेच राहते. खरी पद्धत अशी: टाकीतले काळपट ऑईल पिचकारीने काढायचे, नवे भरायचे, मग एकेका चाकाच्या ब्रेकवरच्या निपलला (ऑईल सोडायच्या छोट्या तोटीला) पारदर्शक नळी लावून, स्वच्छ रंग येईपर्यंत आणि बुडबुडे थांबेपर्यंत ऑईल सोडायचे. टाकी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा आत जाते आणि सगळे पहिल्यापासून. चाकांचा क्रम गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला. अर्धा ते एक लिटर पुरते. बाटली सीलबंद घ्यावी, महिनोन् महिने उघडी राहिलेली वापरू नये. ऑईल रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे, ते रंग खाते. आणि असे ऑईल सोडताना पेडल दाबले जात असेल, तर जुन्या गाडीत ते तळापर्यंत मारू नये. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑईल रेटणाऱ्या नळकांड्याचा, रबरी वॉशर अर्ध्याच अंतरात फिरतो, पुढच्या भागावर गंज आणि मळ बसलेला असतो. तिथपर्यंत रेटला की वॉशर फाटतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की हे टळते. एवढी काळजी मिस्त्री घेतो का, हे पाहायला शेजारी उभे राहावे.

टाकीतली पातळी कमी दिसली तर आधी भरायचे नाही. पॅड झिजतात तशी पातळी उतरते. तेव्हा ती कमी दिसणे ही पॅड पाहण्याची सूचना असते. पॅड पाहताना चाक काढून दोन्ही बाजूंनी पाहावेत. चाकाच्या फटीतून दिसतो तो फक्त बाहेरचा. कॅलिपरच्या पिना जाम झालेल्या असतील तर आतला पॅड पत्र्यापर्यंत गेलेला आणि बाहेरचा निम्मा शिल्लक, असे हमखास आढळते. पॅडचे मटेरियल तीन मिलिमीटरच्या आसपास आले की बदलावेत. पिना साफ करून त्यांना ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे. बेअरिंगचे साधे ग्रीस लावले की रबर फुगते आणि पिना पुन्हा जाम होतात. डिस्कची किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते, ती मोजून घ्यावी. मागे ड्रम असतील तर ते उघडून व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलून पाहावी, आत ओल असेल तर गळती सुरू झाली आहे.

स्टिअरिंग आणि सस्पेन्शनमध्ये सगळी खडखड सारखी नसते. लिंक रॉडचा आवाज कानाला त्रास देतो, पण महिनाभर थांबू शकतो. चाकाला धरणारा बॉल जॉइंट आणि स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा टाय रॉड एंड यांचा खेळ (सैलपणा) थांबू शकत नाही, कारण बॉल जॉइंट निसटला की चाक आडवे पडते. गाडी घोडीवर (पक्क्या स्टँडवर) घेऊन, फक्त जॅकवर नव्हे, चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून पाहिले की फरक कळतो.

सीएनजी गाडी असेल तर टाकीवरच्या पट्टीवरची तारीख पाहावी. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करावी लागते. मुदत संपलेल्या टाकीत पंपावर गॅस भरून मिळू नये. बाहेरून बसवलेले किट आरसीवर चढवलेले आहे का, हेही पाहावे. पेट्रोलच्या वासाला मात्र तारीख नाही: वास आला की गाडी तिथेच उभी करायची. पार्किंगमध्ये पडून राहिलेल्या गाडीच्या नळ्या उंदरांनी कुरतडलेल्या असतात.

इंजिनात पहिला प्रश्न एकच: व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवायला टायमिंग बेल्ट आहे की चेन? मारुतीच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनांत आणि स्विफ्ट, डिझायर, पुंटो अशा अनेक गाड्यांत आलेल्या १.३ लिटर डिझेलमध्ये चेन आहे. डस्टरच्या १.५ लिटर डिझेलमध्ये आणि जुन्या २.५ लिटर इनोव्हात बेल्ट आहे. बेल्टला कंपनी किलोमीटर आणि वर्षे असे दोन्ही आकडे देते, जो आधी येईल तो लागू. पुरावा नसेल तर बेल्ट बदलायचाच, सोबत तो ताणून आणि वळवून धरणाऱ्या पुल्या, म्हणजे टेन्शनर आणि आयडलर. पाण्याचा पंप त्याच बेल्टवर फिरत असेल, जसा डस्टरमध्ये, तर तोही, कारण नंतर पंपासाठी पुन्हा तेवढीच खोलाखोल करावी लागते. चालत्या इंजिनात बेल्ट तुटला तर अशा इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवावे लागते. इनोव्हाच्या डॅशबोर्डवर 'टी-बेल्ट'चा दिवा असतो. तो बंद आहे म्हणजे बेल्ट बदलला, असे नव्हे. बेल्टला हातही न लावता तो दिवा विझवता येतो. चेन असेल तर निर्धास्त व्हायचे कारण नाही, तिला चांगले ऑईल लागते. सकाळी सेल्फ मारल्यावर काही क्षण खळखळ ऐकू आली तर चेन आणि टेन्शनर दाखवून घ्यावा.

इंजिन ऑईल आणि फिल्टर पहिल्याच आठवड्यात. छोट्या पेट्रोल गाडीला साधारण तीन ते साडेतीन लिटर लागते. ग्रेड मॅन्युअलप्रमाणे, दुकानदाराच्या शिफारशीप्रमाणे नव्हे. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घालावा.

कूलंटबाबत आपल्याकडे एक हट्ट आहे: 'इथे कुठे बर्फ पडतो, पाणी टाका.' कूलंट बर्फासाठी जितके, तितकेच गंज रोखण्यासाठी आणि उत्कलनबिंदू वाढवण्यासाठी असते. सोलापूरकडे किंवा मराठवाड्यात बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे घातलेला रेडिएटर आतून किटलीसारखा क्षाराने भरतो. सगळे काढून, धुऊन, डिस्टिल्ड पाण्यात निम्मे-निम्मे कूलंट भरावे, वेगवेगळ्या रंगांची मिसळ करू नये. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडू नये. गाडीत थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) आहे ना, हेही विचारावे. 'गाडी तापत होती' म्हणून तो काढून फेकणारे महाभाग आहेत. त्याने तापण्याचे मूळ कारण झाकले जाते, इंजिन थंडच चालते आणि पेट्रोल जास्त पिते.

बॅटरी मीटरने तपासावी. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या वर, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. चावी फिरवल्यावर इंजिन, एबीएस आणि एअरबॅगचे दिवे लागून विझले पाहिजेत. जो दिवा लागतच नाही, तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. आणि २०१९ ला सांगली-कोल्हापूरला, २०२१ ला चिपळूणला पाण्यात गेलेल्या गाड्या पुसून-सुकवून कुठेही विकल्या जाऊ शकतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, चिखलाची रेघ बहुधा तिथे राहून जाते. अशी गाडी निघाली तर वरचा सगळा क्रम बाजूला ठेवून आधी वायरिंगचे कनेक्टर आणि चाकांची बेअरिंग पाहावीत.

थांबू शकणारे बरेच आहे. क्लच घसरत नसेल तर राहू द्यावा. डेंटिंग, एसीचा गॅस, टेफ्लॉन, 'इंजिन डीकार्ब' (आतली काजळी साफ करणे) यांना घाई नाही. गंजावरून अंडरबॉडी कोटिंग तर करूच नये, ओल आत कोंडून पत्रा लवकर सडतो. आरसी आणि विमा नावावर करणे मात्र थांबू शकत नाही. विम्याच्या बदलासाठी १४ दिवसांत अर्ज करावा लागतो.

हे सगळे झाले की घाटात उतरताना, चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरावे. तीन-चार किलोमीटरनंतर सुरक्षित जागी थांबून, स्पर्श न करता, चारही चाकांजवळ हात नेऊन पाहावा. पुढची दोन्ही जवळपास सारखी गरम असतील. चारांपैकी एकच चाक भट्टीसारखे तापले असेल आणि करपट वास येत असेल, तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही. ते थंड होऊ द्यावे आणि पुढच्या गावातले गॅरेज गाठावे.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर