"ठीक आहे" या दोन शब्दांविषयी

फ्रायबुर्ग, जर्मनी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, तुम्हाला स्टेंट घातल्याचं मला मावशीकडून कळलं, तेही अठरा दिवसांनी. मध्ये रोज फोन होत होता आणि आई "सगळं ठीक आहे" म्हणत होती. परवा मी चिडून फोन ठेवला, ते चुकलंच. म्हणून नीट लिहितोय.

इथल्या विद्यापीठाच्या इमारतीवर बायबलमधलं वाक्य कोरलंय : सत्य तुम्हाला मुक्त करील. तत्त्वज्ञ हायडेगर इथेच शिकवायचे. विधान वस्तुस्थितीशी जुळलं की ते सत्य, ही व्याख्या त्यांना पुरेशी वाटली नाही. १९२७च्या ग्रंथात ते 'अलेथेइया' या जुन्या ग्रीक शब्दाकडे वळले. त्यांनी त्याचा अर्थ लावला 'न झाकलेलं'. गोष्ट आधी उघड्यावर यायला हवी, जुळते की नाही हे मग बघायचं.

आई, तुझं "ठीक आहे" खोटं नव्हतं गं. बाबा खरंच सुधारत होते. वाक्य जुळत होतं, पण बाबा माझ्यापासून झाकलेले होते. वर्गात हा मुद्दा मी दोनदा ऐकला होता, समजला मात्र मावशीच्या फोननंतर.

हेच हायडेगर १९३३मध्ये इथले कुलगुरू झाले, नाझी पक्षात गेले, आणि युद्धानंतर त्याबद्दल जवळजवळ गप्प राहिले. त्यांचं ते मौन मला अजून पचत नाही.

खोटं बोलण्याबाबत जर्मन तत्त्वज्ञ कांट फार कडक. १७९७च्या एका छोट्या निबंधात तो म्हणतो, मित्र घरात लपलाय आणि मारेकरी दारात येऊन विचारतोय, तरी खोटं बोलू नये. मला हे पटत नाही, मी तिथे खोटं बोलेन. पण त्याच निबंधातलं एक म्हणणं मनात राहिलंय : एखादी गोष्ट खरी असणं आपल्या इच्छेवर नसतं, आपण खरं बोलणं मात्र असतं. आणि तुमच्या दारात मारेकरी नव्हता, मी होतो. मला काळजी वाटू नये म्हणून तुम्ही लपवलंत, हे कळतं. पण ती काळजी माझ्या वाट्याची होती.

बाबा, डिस्चार्ज कार्डाचा फोटो पाठवा, गोळ्यांची नावंही. आई, दवाखान्यात रात्री कोण थांबायचं, तू जेवत होतीस का, ते लिही. फेब्रुवारीत परीक्षा संपली की येतोय.

तुमचा,
धाकटा