मृगाआधी वाचनालयाची भिंत उभी राहिली पाहिजे : समस्त मूर्तिजापूरकरांना कळकळीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयाच्या मागच्या भिंतीचा तडा आता सगळ्या गावाने पाहिला आहे. वैशाखात त्यात हात जातो, श्रावणात तो मिटल्यासारखा दिसतो, म्हणून इतकी वर्षे निभावून नेले. यंदा मात्र इंजिनिअरसाहेबांनी स्पष्ट बजावले आहे, की त्या भिंतीलगतच्या अभ्यासिकेत आणखी एका पावसाळ्यात मुले बसवू नका. पूर्णा खोऱ्यातली आपली काळी जमीन पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, आणि इमारत बांधणाऱ्या मंडळींना पाया मुरमापर्यंत नेणे परवडले नाही. त्यात आपला खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचे पाणीच खारे. बोअरच्या पाण्याने केलेले प्लास्टर क्षाराने पोपडे धरून सुटते, हे मागच्या डागडुजीत कळून चुकले. म्हणून या वेळी काळी माती काढून मुरूम भरणे, नवा पाया घेणे आणि सगळ्या कामाला गोड्या पाण्याचे टँकर लावणे असा विचार पक्का झाला आहे.

हे वाचनालय गावाने कसे जपले, ते तरुण सभासदांना ठाऊक असावे म्हणून लिहितो. मूर्तिजापूर म्हणजे जंक्शन. मुंबई–नागपूर मोठी लाइन आपल्या स्टेशनातून जाते, आणि इथूनच शकुंतलेचे, म्हणजे आपल्या छोट्या रुळाच्या गाडीचे, दोन फाटे निघत : एक कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, सुमारे ११३ किलोमीटर, दुसरा लाखपुरी, बनोसा, अंजनगावमार्गे अचलपूरला, सुमारे ७६ किलोमीटर. वऱ्हाडचा कापूस मोठ्या लाइनीपर्यंत आणण्यासाठी इंग्रज कंपनीने टाकलेला हा अडीच फुटी रूळ. पण त्यावरून बाजाराला जाणाऱ्या बाया, माहेरवाशिणी, कोर्टाच्या तारखेला निघालेले शेतकरी आणि शाळेची पोरे हिंडली. गाडीला उशीर झाला की माणसे वाचनालयात येऊन पेपर वाचत बसत. आपल्या वाचकांची पहिली पिढी अशी तयार झाली, असे जुने सभासद अभिमानाने सांगत, आणि तो अभिमान मलाही आहे.

मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ रोजी थांबले आणि डिझेल आले. त्यानंतर आपल्याच एका निवृत्त गार्डसाहेबांनी घरातला हातकंदील, पुठ्ठ्याची तिकिटे आणि जुनी वेळापत्रके वाचनालयाला दिली. ‘नाव लावू नका’ एवढीच त्यांची अट होती. आजही शाळेच्या सहली ते कपाट पाहायला येतात. जिनिंगमधल्या हमाल बांधवांनी एका हंगामात मजुरीतून वर्गणी काढून लोखंडी मांडण्या करून दिल्या. त्या अजून एका बाजूलाही कललेल्या नाहीत. स्टेशनासमोरच्या चहावाल्या काकांनी दिवाळी अंकांचा खर्च वर्षानुवर्षे उचलला, आणि ते गेल्यावर त्यांच्या सुनेने तो नेम मोडला नाही. पुण्याला नोकरीत असलेल्या आपल्या एका लेकीने स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचा पूर्ण संच पाठवला. त्याच पुस्तकांवर अभ्यास करून माना, कुरूम, हातगावकडची मुले-मुली पोलीस भरतीत आणि तलाठी परीक्षेत उतरली. एसटीची शेवटची गाडी चुकू नये म्हणून घड्याळाकडे बघत बघत वाचणाऱ्या या मुली पाहिल्या, की ही खोली बंद करा असे सांगायला जीभ उचलत नाही.

आता थोडे मनातले. शकुंतला दोन्ही फाट्यांवर बंद पडली तेव्हा बाहेरगावच्या मूर्तिजापूरकरांनी किती हळहळ व्यक्त केली! जुने फोटो एकमेकांना पाठवले, डोळ्यांत पाणी आले म्हणून लिहिले. त्याच मंडळींना वाचनालयासाठी मागच्या वर्षी पत्रे पाठवली, तर बहुतेकांचे ‘पाहू’ एवढेही उत्तर आले नाही. वार्षिक सभेला खुर्च्या रिकाम्या राहिल्या. बाजारात भेटलेल्या एका सद्गृहस्थांनी तर विचारले, “काऊन बाप्पा, लायब्ररी चालू हाय अजून?” ते स्वतः आजीव सभासद आहेत. राग नाही, पण लागले. ज्या तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी डेबूजी गुरे राखत वाढले, आणि पुढे गाडगेबाबा होऊन पोटाला चिमटा घ्या पण पोरांना शिकवा असे गावोगाव सांगत फिरले, त्या तालुक्याच्या गावात अभ्यासिकेला कुलूप लागणे आपल्यापैकी कोणालाच शोभणार नाही.

कामाचा अंदाज साडेसहा लाख रुपये. पैकी सुमारे दोन लाख जमा आहेत, त्यातला मोठा वाटा गावातल्या छोट्या दुकानदारांचा. पाया मृग लागण्याआधी भरून झाला पाहिजे, कारण एकदा पाऊस पडला की काळ्या मातीत खोदकाम होत नाही. म्हणून देणगी अक्षय्य तृतीयेपर्यंत पोचावी. धनादेश वाचनालयाच्या नावानेच काढावा. रोख रक्कम फक्त ग्रंथपालांकडे, सायंकाळी ६ ते ८, सोमवारी बंद, पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. खात्याचा तपशील सूचना फलकावर लावला आहे. सभासदांच्या गटावरही पाठवला आहे. आयकर सवलतीचा अर्ज केला आहे, मंजुरी यायची आहे. सिमेंट, गिट्टी, मुरूम, ट्रॅक्टरच्या फेऱ्या, गोड्या पाण्याचा टँकर यांपैकी काहीही चालेल, फक्त आधी कळवावे. गवंडीकामाची दोन दिवसांची मजुरी देऊ केलेल्या बांधवांनी चैत्र पौर्णिमेनंतरच्या रविवारी सकाळी ८ वाजता यावे. खर्चाचा हिशेब दर पंधरवड्याला फलकावर लागेल.

आपला नम्र,
सचिव, कार्यकारी मंडळाच्या वतीने

ता. क. : पुस्तके आणि शकुंतलेचे कपाट काम चालू असताना हलवावे लागेल. कोरडी, उंदीर नसलेली एक खोली तीन महिन्यांसाठी कोणी देऊ शकेल का? स्टेशन भागात असल्यास उत्तम. घरी तिकिटे, फोटो, जुनी बिले असतील तर तीही याच वेळी आणून द्यावीत, नोंद करून पोच देऊ.